नोकरीच्या दारातली चाळणी

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात १९६३ साली बसगाड्यांवर काम करायला माणसे कमी पडत होती. शहराची बससेवा चालविणाऱ्या ब्रिस्टल ऑम्निबस कंपनीला वाहक हवे होते. वेस्ट इंडीज बेटांतून आलेले सुमारे ३ हजार लोक त्या वेळी शहरात राहत होते आणि त्यांतील अनेकजण कामाच्या शोधात होते. कंपनीच्या कार्यशाळेत किंवा उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना काम मिळे. गाडीवर मात्र एकही कृष्णवर्णीय वाहक वा चालक नव्हता. पॉल स्टीफन्सन या तरुण कार्यकर्त्याने याची खातरजमा करण्याचे ठरविले. त्याने गाय बेली या तरुणासाठी कंपनीकडे विचारणा केली. जागा रिकाम्या होत्या. मुलाखतही ठरली. त्यानंतर स्टीफन्सनने बेली वेस्ट इंडियन असल्याचे कंपनीला कळविले आणि मुलाखत रद्द झाली.

या प्रसंगात कोणी कोणाला शिवीगाळ केली नाही की कोणाच्या अंगावर हात टाकला नाही. एक भेट ठरली होती, ती रद्द झाली, एवढेच. कामाच्या ठिकाणचा वंशभेद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अपमान, हेटाळणी, टोपणनावे येतात, आणि ते प्रकार होतातच. परंतु माणसाच्या पोटावर येणारा वंशभेद बहुतेक वेळा त्याच्याही आधी, नोकरीच्या दारातच घडून गेलेला असतो. ज्याच्या बाबतीत तो घडला त्याला अनेकदा त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच तो कमी कसा करायचा, हा प्रश्न मनःपरिवर्तनाचा जितका आहे त्याहून अधिक नोकरभरतीच्या कार्यपद्धतीचा आहे. गेल्या साठ वर्षांत वेगवेगळ्या देशांनी या कार्यपद्धतीत फेरफार करून पाहिले. त्यांतले काही साधले, काही फसले. फसलेले प्रयोगही तितकेच बोलके आहेत.

ब्रिस्टलच्या कंपनीने आपली बंदी नाकारली नव्हती. गाड्यांवर कृष्णवर्णीय घेतले तर गोरे कामगार मिळेनासे होतील, असे तिचे म्हणणे होते. त्या काळी इंग्लंडमध्ये रंगावरून नोकरी नाकारणे बेकायदा नव्हते, त्यामुळे हे उघडपणे सांगण्यातही काही अडचण नव्हती. कामगार संघटनेची भूमिका त्याहून बोचरी होती. ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनच्या स्थानिक शाखेने १९५५ सालीच कृष्णवर्णीयांना गाड्यांवर घेऊ नये असा ठराव केला होता. त्यामागे केवळ द्वेष नव्हता. बस कामगारांचे मूळ वेतन तुटपुंजे होते, घर चालायचे ते ओव्हरटाइमवर, आणि ओव्हरटाइम मिळायचा तो माणसे कमी असल्यामुळे. नवी माणसे आली की तो बुडेल, ही धास्ती होती. भेदभावाच्या मुळाशी असा रोकडा हितसंबंध असला की निव्वळ उपदेशाने तो हटत नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या संघटनेची आजची वारसदार असलेल्या 'युनाइट'ने या ठरावाबद्दल पुढे २०१३ साली माफी मागितली.

मुंबईकरांना ही गोष्ट अगदीच अनोळखी वाटू नये. गिरणगावातील कापड गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नसे. धोट्यात नवी कांडी बसविली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. दलित कामगाराने तोंड लावलेल्या धोट्याने आपण बाटतो, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती आणि दलितांच्या वाट्याला येणाऱ्या सूतकताईच्या खात्यात कमी. म्हणजे हा विटाळ दलित कामगाराच्या पगारातून दरमहा वसूल होत होता. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि कामगार ऐक्याच्या घोषणांना अडचणीत आणले. येथेही दार अडवून उभे होते ते केवळ मालक नव्हते. शेजारच्या साच्यावर उभा असलेला कामगारही होता.

ब्रिस्टलमध्ये एप्रिल १९६३ च्या अखेरीस बसवर बहिष्कार जाहीर झाला. रॉय हॅकेट आणि त्यांच्या वेस्ट इंडियन सहकाऱ्यांनी तो उभारला, विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, टोनी बेन यांनी पाठिंबा दिला. क्रिकेटप्रेमी वाचकांना लिअरी कॉन्स्टंटाइन हे नाव ठाऊक असेल. वेस्ट इंडीजचा हा नामवंत अष्टपैलू खेळाडू तेव्हा त्रिनिदादचा ब्रिटनमधील उच्चायुक्त होता, आणि त्यानेही या बंदीविरुद्ध जाहीर आवाज उठविला. कॉन्स्टंटाइनला या विषयाचा जुना अनुभव होता. १९४३ साली लंडनमधील एका हॉटेलने त्याच्या रंगामुळे त्याला राहू देण्यास नकार दिला होता आणि त्याने न्यायालयात जाऊन तो खटला जिंकला होता. चार महिन्यांच्या बहिष्कारानंतर २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने बंदी उठविली. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते प्रसिद्ध भाषण झाले. पुढच्याच महिन्यात ब्रिस्टलच्या बसवर पहिला गौरेतर वाहक रुजू झाला. तो भारतीय वंशाचा शीख होता, रघबीर सिंग.

ब्रिटनमध्ये १९६५ साली वंशसंबंधांचा पहिला कायदा झाला. मात्र तो हॉटेले आणि सार्वजनिक जागांपुरताच मर्यादित होता. नोकरी आणि घर या दोन्ही गोष्टी त्याच्या कक्षेत यायला १९६८ साल उजाडावे लागले. त्यानंतर 'काळ्यांना नोकरी नाही' असे कोणी उघड म्हणेनासे झाले. नकार मात्र संपले नाहीत. ते टपालाच्या गठ्ठ्यात गेले, जेथे अर्ज वाचणाऱ्याशिवाय कोणी साक्षीदार नसतो.

हा अदृश्य नकार मोजण्याची एक साधी युक्ती संशोधकांनी शोधून काढली. दोन काल्पनिक अर्ज तयार करायचे. शिक्षण, अनुभव, भाषा सारे तोलामोलाचे. फरक फक्त नावाचा. हे अर्ज खऱ्याखुऱ्या जाहिरातींना पाठवायचे आणि मुलाखतीचे बोलावणे कोणाला येते ते पाहायचे. मेरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन व शिकागो शहरांत असे सुमारे ५ हजार अर्ज पाठविले. एमिली, ग्रेग यांसारखी गोऱ्यांत रूढ असलेली नावे एका बाजूला आणि लकीशा, जमाल ही कृष्णवर्णीयांत आढळणारी नावे दुसऱ्या बाजूला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक प्रतिसाद आला, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला १५ अर्जांमागे एक. ब्रिटनमध्ये २०१९ साली जाहीर झालेल्या अशाच एका पाहणीत बहुसंख्याक गोऱ्या अर्जदारांपैकी २४ टक्क्यांना अनुकूल उत्तर आले, तर अल्पसंख्याक समाजांतील अर्जदारांपैकी १५ टक्क्यांना. म्हणजे तेवढेच यश मिळविण्यासाठी दुसऱ्या गटाला ६० टक्के अधिक अर्ज करावे लागत होते.

अमेरिकेतच २०२२ साली पुढे आलेल्या आणखी एका अभ्यासाने या चित्रात महत्त्वाची भर घातली. पॅट्रिक क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०८ बड्या कंपन्यांकडे सुमारे ८३ हजार अर्ज पाठविले. एकाच कंपनीकडे इतके अर्ज गेल्यामुळे कोणती कंपनी किती भेद करते, हेही दिसू लागले. सरासरी तफावत होतीच, पण ती सर्वत्र सारखी पसरलेली नव्हती. सुमारे एक पंचमांश कंपन्यांच्या वाट्याला एकूण भेदभावापैकी जवळपास निम्मा भाग येत होता. ज्या कंपन्यांत भरतीचे निर्णय प्रत्येक शाखाधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता एका मध्यवर्ती व्यवस्थेतून होत, तेथे तफावत कमी आढळली. एकाच देशात, एकाच समाजातून माणसे घेणाऱ्या दोन कंपन्यांत इतका फरक पडत असेल, तर 'समाजच असा आहे, आम्ही काय करणार' हे उत्तर टिकत नाही.

आता एक पाऊल पुढे जाऊ. समजा नाव कोणी पाहिलेच नाही, सर्वांना एकच अट लावली. मग तर अन्याय नाही? या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात दिले. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक पॉवर कंपनीच्या एका वीजकेंद्रात पाच विभाग होते. कृष्णवर्णीयांना फक्त 'मजूर' विभागात घेतले जाई, आणि त्या विभागातील सर्वांत मोठा पगार इतर विभागांतील सर्वांत लहान पगाराहूनही कमी असे. २ जुलै १९६५ रोजी नोकरीतील वंशभेद बंद करणारा नागरी हक्क कायद्याचा भाग अमलात आला. नेमक्या त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या विभागांत प्रवेशासाठी शालान्त प्रमाणपत्राच्या जोडीला दोन लेखी चाचण्याही लागू केल्या. अट सर्वांना सारखी. रंगाचा उल्लेख कोठेही नाही.

पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के शालान्त परीक्षा उत्तीर्ण होते, तर कृष्णवर्णीयांपैकी १२ टक्के. कारण उघड होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना वेगळ्या आणि निकृष्ट शाळांत शिकावे लागले होते. शिवाय ही अट येण्यापूर्वी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले गोरे कामगार त्याच विभागांत व्यवस्थित काम करीत होते. मग त्या कागदाचा कामाशी संबंध काय? मुख्य न्यायमूर्ती वॉरन बर्गर यांनी निकालात कोल्हा आणि करकोचा यांच्या मेजवानीच्या गोष्टीची आठवण करून दिली आहे. आपल्याकडे मराठी शाळेत ही गोष्ट ऐकली नाही असे मूल विरळा. उथळ ताटलीत वाढलेले दूध दोघांनाही सारखेच दिलेले असते, पण लांब चोचीच्या पाहुण्याला ते पिता येत नाही. न्यायालयाने एकमताने ठरविले की, वरकरणी तटस्थ दिसणारी अट जर एका समाजाला मोठ्या प्रमाणावर बाहेर ठेवत असेल, तर ती प्रत्यक्ष कामासाठी आवश्यक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. त्याचा हेतू काय होता, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो.

'अप्रत्यक्ष भेदभाव' या नावाने ही कल्पना ब्रिटनच्या १९७६ च्या कायद्यात आली आणि नंतर इतर अनेक देशांत गेली. माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाची कायदेशीर कल्पना हीच. तिने चर्चा मालकाच्या मनातून काढून त्याच्या अटींच्या यादीवर आणली. मन वाचता येत नाही, यादी वाचता येते. खुद्द अमेरिकेत ही कल्पना १९९१ च्या कायद्याने पक्की झाली असली, तरी एप्रिल २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांच्या आदेशाने तिच्या सरकारी अंमलबजावणीला दुय्यम स्थान देण्यात आले. कायदा पुस्तकात आहे, व्यक्तीला न्यायालयात जाता येते. सरकारी यंत्रणा मात्र मागे सरली आहे.

अटींच्या यादीचा विचार करताना पुण्या-मुंबईहून टोरंटो किंवा मिसिसागाला गेलेल्या मराठी कुटुंबांना 'कॅनडियन अनुभव' हे दोन शब्द आठवल्याशिवाय राहणार नाहीत. शिक्षण आणि अनुभव पाहून कॅनडा सरकार स्थलांतराचा परवाना देते. तेथे उतरल्यावर मालक विचारतो, येथला अनुभव किती? अनुभव नसल्याने नोकरी नाही आणि नोकरी नसल्याने अनुभव नाही. पंधरा-वीस वर्षे अभियंता म्हणून काम केलेला माणूस मग गोदामात किंवा टॅक्सीच्या चाकामागे दिसतो. फिलिप ओरिओपुलोस यांनी टोरंटो परिसरात हजारो अर्ज पाठवून केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. शिक्षण कॅनडातले, अनुभव कॅनडातला, तरीही इंग्रजी नावाच्या अर्जदाराला भारतीय, पाकिस्तानी वा चिनी नावाच्या अर्जदारापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक वेळा मुलाखतीचे बोलावणे आले. भरती करणाऱ्यांना कारण विचारले तेव्हा 'भाषा नीट येईल की नाही, अशी शंका वाटते' असे उत्तर मिळाले. पण अर्जात भाषाप्रभुत्वाचा किंवा नामांकित बहुराष्ट्रीय कंपनीतील कामाचा उल्लेख असला, तरी त्या शंकेत घट दिसत नव्हती! शंकेचे कारण भाषा असते, तर पुरावा पाहून ती कमी व्हायला हवी होती.

ऑन्टारिओ प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ साली भूमिका घेतली की, सरसकट 'कॅनडियन अनुभव' मागणे हा सकृद्दर्शनी भेदभाव आहे आणि तो अनुभव खरोखर का लागतो हे मालकाने दाखवून द्यावे. भूमिका आणि कायदा यांत अंतर असते. ते भरून यायला आणखी काही वर्षे गेली. प्रांताने २०२१ साली नियंत्रित व्यवसायांसाठी कायदा केला. त्यानुसार अभियंत्यांच्या परवाना मंडळाने मे २०२३ मध्ये किमान एक वर्ष कॅनडात काम केल्याची जुनी अट काढून टाकली. २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहीर जाहिरातीत अशी अट घालण्यास १ जानेवारी २०२६ पासून मनाई करण्यात आली. मनात ती अट राहील, हे खरे. पण जाहिरात वाचून अर्जच न करणाऱ्या माणसासाठी दार थोडे किलकिले झाले.

मग चाळणी बदलायची कशी? पहिला विचार सर्वांना सुचतो तो नाव झाकण्याचा. ब्रिटिश सरकारने २०१५ साली आपल्या नागरी सेवेत नाव न पाहता अर्ज तपासण्याचे जाहीर केले. बीबीसी, एचएसबीसी अशा संस्थांनीही त्यात सहभागी होण्याचे मान्य केले. या उपायाला तर्क आहे. पण फ्रान्समधील अनुभव विचार करायला लावणारा आहे. तेथील सरकारी रोजगार यंत्रणेने २०१०-११ मध्ये सुमारे १ हजार कंपन्यांना हाताशी धरून प्रयोग केला. काही अर्ज नावानिशी गेले, काही निनावी. निकाल अपेक्षेच्या उलट लागला. निनावी अर्जांत स्थलांतरित पार्श्वभूमीच्या उमेदवारांना मिळालेली मुलाखतीची संधी कमी झाली. याचे एक स्पष्टीकरण असे की, प्रयोगात स्वेच्छेने आलेल्या कंपन्या मुळातच सहानुभूती बाळगणाऱ्या होत्या. नाव दिसत असे तेव्हा त्या अर्जातील खंड किंवा उणीव समजून घेत. नाव झाकल्यावर उणीव तेवढी उरली. फ्रान्सने मोठ्या कंपन्यांना निनावी अर्जांची केलेली सक्ती प्रत्यक्षात कधी अमलात आली नाही आणि २०१५ साली ती ऐच्छिक झाली. नाव झाकण्याचा उपयोग कोठे होईल हे त्या कंपनीचा आधीचा कल कोणता, यावर अवलंबून आहे. सरसकट गुण देणारे हे औषध नव्हे.

दुसरा लोकप्रिय उपाय प्रशिक्षणाचा. एक दिवसाची कार्यशाळा, वक्ता, चहापान, शेवटी प्रमाणपत्र. कंपन्यांना हा उपाय आवडतो, कारण त्यात कोणाचेच काही बदलत नाही. फ्रँक डॉबिन, अलेक्झांड्रा कालेव्ह आणि एरिन केली या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील ७०८ कंपन्यांची १९७१ ते २००२ या काळातील माहिती तपासून २००६ साली दाखविले की, व्यवस्थापकीय पदांवरील विविधता वाढविण्यात अशा प्रशिक्षणाचा परिणाम सर्वांत क्षीण होता. ज्या कंपन्यांनी हे काम एखाद्या अधिकाऱ्याकडे वा समितीकडे सोपवून त्यांना आकड्यांसाठी जबाबदार धरले, तेथे फरक अधिक दिसला. ज्याला उत्तर द्यावे लागते तो लक्ष ठेवतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही कार्यालयात पाच वर्षे काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

मुलाखतीच्या खोलीतही पुष्कळ काही करता येते आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे. प्रत्येक उत्तराला तेथल्या तेथे गुण लिहायचे. आणि गुण लिहून झाल्याखेरीज पॅनेलवरच्या मंडळींनी आपसांत चर्चा करायची नाही. शक्य असेल तेथे कामाचाच एखादा नमुना करून घ्यायचा. हिशेबनीस हवा तर खतावणी समोर ठेवायची. ऐसपैस गप्पांच्या मुलाखतीपेक्षा अशी बांधीव मुलाखत उमेदवाराच्या पुढच्या कामाचा अंदाज अधिक चांगला देते, हे औद्योगिक मानसशास्त्रात बऱ्याच काळापासून मान्य आहे. गप्पांत माणूस नकळत आपल्यासारखा माणूस शोधतो. तोच खेळ आवडणारा, त्याच महाविद्यालयातला, तसेच इंग्रजी बोलणारा. मग 'आमच्यात मिसळेल असे वाटले' हे निवडीचे कारण म्हणून नोंदविले जाते आणि ते कोणालाच खटकत नाही. ओळखीतून भरतीचेही तसेच. त्यात कोणाविषयी आकस नसतो. पण कंपनीत आज ज्या वस्तीतली माणसे आहेत त्याच वस्तीत रिकाम्या जागेची बातमी पोहोचते, आणि दुसऱ्या वस्तीला ती भरून गेल्यावर कळते.

अलीकडे ही चाळणी संगणकाच्या हाती जाऊ लागली आहे. यंत्राला जात नाही, रंग नाही, म्हणून ते निःपक्षपाती असेल, ही समजूत ॲमेझॉन कंपनीच्या अनुभवाने डळमळीत केली. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवरून शिकविलेल्या तिच्या प्रायोगिक प्रणालीने महिलांच्या अर्जांना कमी गुण देण्यास सुरुवात केली, कारण त्या अर्जांत पुरुषांचेच प्राबल्य होते. कंपनीने तो प्रयोग सोडून दिल्याचे वृत्त २०१८ साली आले. हे उदाहरण स्त्रियांचे असले तरी वंशाच्या बाबतीतही यंत्रणा हीच. नावाचा रकाना काढला तरी पत्ता, शाळा आणि पिनकोड बोलतात. न्यूयॉर्क शहराने अशा प्रणालींची दरवर्षी स्वतंत्र तपासणी करणे बंधनकारक केले असून जुलै २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

नोकरी लागल्यानंतरच्या छळाविषयी येथे थोडेच लिहितो. तक्रार समिती, नियमावली, फलक हे सारे असूनही माणसे गप्प का बसतात, याचे उत्तर अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाच्या आकडेवारीत सापडते. आयोगाकडे अलीकडच्या वर्षांत आलेल्या निम्म्याहून अधिक तक्रारींत, आपण आवाज उठविला म्हणून आपल्यावर सूड उगविला गेला, हाही आरोप आहे. तक्रारीची पेटी वरिष्ठाच्याच टेबलाखाली उघडत असेल तर ती रिकामीच राहणार.

आपल्याकडे 'वंश' हा शब्द रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही. राज्यघटनेत तो आहे. सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान किंवा निवास यावरून भेद करण्यास अनुच्छेद १६ मनाई करतो. वंश या शब्दाचा थेट संबंध ईशान्य भारतातून महानगरांत कामासाठी येणाऱ्या तरुणांशी येतो. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचल प्रदेशच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. हॉटेले, सौंदर्यप्रसाधनगृहे, कॉल सेंटरे येथे ही मुले सहज दिसतात. चेहऱ्यावरून त्यांना 'कोणत्या देशाची?' असे विचारणारेही तितकेच सहज भेटतात.

परंतु परदेशात जे काम वंश करतो ते आपल्याकडे प्रामुख्याने जात आणि धर्म करतात, हे कबूल केलेले बरे. मराठी माणसाला त्यासाठी चेहराही पाहावा लागत नाही. आडनाव पुरते, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'मूळचे कुठले तुम्ही?' हा प्रश्न पुरतो. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी भारतातील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना तोलामोलाच्या पात्रतेचे ४८०८ अर्ज पाठविले. आडनावे उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. २००७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाशी तुलना करता पुढचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर दलित नावासाठी सुमारे ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी सुमारे ०.३३ इतके होते. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून आणखी एक गोष्ट टिपली. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो असे सांगणारे अधिकारी मुलाखतीत कौटुंबिक पार्श्वभूमी आवर्जून विचारत, आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नसे. वडील काय करतात, भावंडे कोठे शिकली, हे प्रश्न जिव्हाळ्याचे वाटतात. पहिल्या पिढीत शिकलेल्या मुलाला मात्र त्यांची उत्तरे देताना आपण हरत चाललो आहोत हे कळत असते.

खासगी नोकरीतील अशा भेदाविरुद्ध आपला कायदा तुकड्यातुकड्यांत आहे. अपंगांसाठी २०१६ चा, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा. हे कायदे खासगी आस्थापनांनाही लागू होतात. अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीस मज्जाव करणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण तो फौजदारी गुन्हा असल्याने तो घडला हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते, आणि गठ्ठ्यातून बाजूला ठेवलेला अर्ज पुरावा ठेवत नाही. ग्रिग्ज खटल्याने दिलेली वाट, म्हणजे हेतू बाजूला ठेवून परिणाम तपासण्याची, खासगी क्षेत्रातील जात-धर्माच्या बाबतीत आपल्या कायद्यात मोकळी झालेली नाही. सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोगाची शिफारस केली. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २००८ साली त्याचा मसुदाही दिला. तो कायदा झाला नाही.

अशा आयोगाचे पहिले काम खटले चालविणे हे नसून मोजणे हे असते. किती अर्ज आले, कोणाचे आले, पहिल्या चाळणीत कोण गळले, मुलाखतीत कोण, बढतीत कोण, ही गणती टप्प्याटप्प्याने ठेवली की गळती नेमकी कोठे होते ते कंपनीलाच दिसते. कॅनडात केंद्रीय अखत्यारीतील मोठ्या मालकांना आपल्या कर्मचारीवर्गाची अशी आकडेवारी दरवर्षी सरकारला द्यावी लागते. भारतातील खासगी कंपनीवर जात वा धर्माबाबत असे कोणतेही बंधन नाही. त्यामुळे थोरात आणि ॲटवेल यांच्या पाहणीनंतर या देशात काही बदलले का, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याला आजही काल्पनिक नावांचे अर्ज लिहून टपालात टाकण्यापासून सुरुवात करावी लागते.